नालुवेची सपाट यादी

९ जून, सोमवार

रोनिलनं आज सकाळी माझ्या टेबलावर एक जाडजूड वही आणून टाकली. "उनाइसी, नालुवे तुझं आजोळ ना? मग हे तुझ्याच गळ्यात."

आजोळ म्हणायचं एवढंच. एकतीस वर्षांत मी दोनदा गेलेय, दोन्ही वेळा आईशिवाय. आईला होडी लागते. निदान ती तसं सांगते.

नालुवेत समुद्र शिरलाय. भरतीला स्वयंपाकघरात पाणी येतं. सगळं गाव खाडीपलीकडच्या टेकडीवर हलवायचं ठरलंय, जिथे पूर्वी शाळा होती तिथे. घरं बांधून होत आलीत. आमच्या ऑफिसनं फक्त यादी करून द्यायची. एका ओळीत एक माणूस, सरळ, सपाट. त्या यादीवरून घरं मिळणार आणि होडीतल्या जागाही.

अडचण वहीची आहे. गावचे जुने शिक्षक सिरेली मास्तर ती चाळीस वर्षं लिहितायत आणि त्यांची पद्धत कंसांची. गाव म्हणजे एक मोठा कंस. त्याच्या पोटात भावक्यांचे कंस, भावकीच्या पोटात घरांचे. एखाद्या मुलानं त्याच घरात वेगळी चूल मांडली की आत आणखी एक कंस. दत्तक भाची असेल तर तिचा वेगळा. कुठे नाव, कुठे नुसता आकडा, म्हणजे बारसं न झालेल्या बाळाचे महिने. काही घरं सहा-सहा कंस खोल आहेत.

वही सुंदर आहे. हे रोनिलला सांगितलं नाही, नाहीतर अशा आणखी चार आणून टाकेल.

१० जून, मंगळवार

दिवसभर वही कॉम्प्युटरवर चढवली. कंसाला कंस, जसंच्या तसं. मग सपाट करायचा प्रोग्रॅम लिहिला. त्याला सांगायचं एवढंच की पिशवी दिसली तर उघड, आत पिशवी असेल तर तीही उघड, आणि वस्तू हाताला लागली की बाहेर काढून ओळीत ठेव.

नाव हीसुद्धा त्याला अक्षरांची पिशवीच वाटली. आमच्या एमोसीमामाचे तीन तुकडे झाले. एका ओळीत ए, खाली मो, खाली सी.

रोनिल मागे येऊन उभा होता. "अगं बाई, गाव हलवायचंय. चिरायचं नाही!"

नावं फोडू नकोस असं सांगितल्यावर शहाण्यासारखा चालला.

१३ जून, शुक्रवार

एकशे बारा माणसं. रोनिल खूश.

खात्री म्हणून प्रोग्रॅमला सांगितलं की प्रत्येक पिशवी उघडताना ती किती खोल आहे ते लिहीत जा. त्यात दिसलं की सात पिशव्या उघडल्या गेल्या आणि आत काहीच नव्हतं. सपाट करताना रिकामी पिशवी मागे काही ठेवत नाही. तिची खूणसुद्धा राहत नाही. त्यामुळे बेरीज बरोबर आहे. वहीत पाहिलं तर मास्तरांनी ते सातही कंस पट्टीनं आखून काढलेत. पुढे होणाऱ्या बाळांसाठी जागा ठेवली असेल. एक चार नंबरच्या घरात आहे, म्हणजे एमोसीमामाकडे. बाकीचे सहा खालच्या भावकीत.

एक बारीकशी गोष्ट. मंगळवारी मी चार नंबरचा रिकामा कंस अगदी शेवटी टाइप केला होता, सगळ्यांच्या नंतर. आज तो वाइसाकेच्या शेजारी आहे, भावंडं लिहितात तसा. वही उघडली तर वहीतही तिथेच. म्हणजे मलाच नीट आठवत नव्हतं.

१८ जून, बुधवार

आईचा फोन. माझ्या कामाबद्दल ती कधी विचारत नाही. आज विचारलं.

"चार नंबरच्या घरात किती लिहिलेत?"

"आठ. मामा, मामी, वाइसाके, त्याची बायको, चार पोरं."

"आठच?"

"आठच गं. का?"

"परसातला कसावा काढायचा राहिलाय," म्हणाली आणि फोन ठेवला. साठी ओलांडल्यापासून ती अशी मध्येच हरवते. डॉक्टरांकडे न्यायला हवं.

३ जुलै, गुरुवार, नालुवे

नावं तपासायला आलेय. धक्क्यावर वाइसाके, माझा मामेभाऊ, होडी घेऊन उभा.

"आली आमची कॉम्प्युटरबाई! होडीत पाय कुठला आधी टाकायचा ते फोनला विचारून आलीस का?"

"विचारलं. तो म्हणाला, खलाशी वाइसाके असेल तर पोहत जा."

"जा की. तेवढंच वजन कमी. लग्न कर म्हणतो, म्हणजे होडी बुडवायला कुणीतरी जोडीला येईल." एवढं बोलला आणि आपणच गप्प झाला. थुंकी टाकून पाण्याकडे बघत राहिला. एरवी त्याला थांबवावं लागतं.

खाडीच्या मधोमध त्यानं इंजिन बंद केलं, टोपी काढली. होडी नुसती डुलत होती. थोड्या वेळानं टोपी घालून इंजिन सुरू केलं.

"काय झालं?"

"पेट्रोल."

मग दुपारभर मामाच्या ओट्यावरून पाहिलं. येणारीजाणारी प्रत्येक होडी तिथे थांबते.

मामा गावचा मुखिया. त्यानं दारातच हात पसरले. "भाची आली! चला, आता घरातलं सगळं तिचं. हवं ते उचल पोरी, हक्क आहे तुझा."

"मामा, घरात घोट्यापर्यंत पाणी आहे. तेच उचलते."

सगळे हसले. पण पाणी खरंच घोट्यापर्यंत होतं आणि मामी त्यात उभी राहून नारळ खोवत होती.

संध्याकाळी सिरेली मास्तर आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, काठी नाही, कंबर ताठ. मी त्यांना पडद्यावरची यादी दाखवली. ते एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आले आणि मामाच्या घरापाशी थांबले.

"इथं काही नाही."

"काय नाही मास्तर?"

"कंस."

मी समजावलं. रिकामा होता, आणि सपाट यादीत रिकाम्याचं काही उरत नाही. त्यांनी चष्मा काढला, कमरेला गुंडाळलेल्या सुलुच्या टोकाला पुसला, परत घातला.

"रिकामा नाही पोरी. उघडा ठेवलाय."

कशासाठी म्हणून विचारणार तोच मामानं जेवायला हाक मारली. जरा जास्तच मोठ्यानं.

६ जुलै, रविवार, नालुवे

सकाळी प्रार्थनेला गेले. चर्च भरलं होतं, पोरं जमिनीवर बसली होती, पण उजवीकडचा पहिला बाक मोकळा. मी जाऊन बसले. लगेच मामी उठून आली आणि माझा दंड धरला.

"तिथं नको बाळा. ओला आहे."

बाक कोरडा खडखडीत होता. मी हात फिरवूनच बसले होते. पण भर चर्चमध्ये कशाला वाद, म्हणून उठले. बाहेर आल्यावर वाइसाकेची धाकटी माझ्यामागे खिदळायला लागली. माझा सुलु मागून भिजला होता. दुपारी दोरीवर वाळला तेव्हा त्यावर मिठाची पांढरी रेघ उमटली.

छपराला गळती असणार. समुद्राच्या इतक्या जवळ पावसाचं पाणीसुद्धा खारट होत असेल.

मास्तरांनी जाताना परत बजावलं. "ते सात घाल. ते घातल्याशिवाय गाव हलणार नाही." माझ्याकडे न बघता, शांतपणे म्हणाले. धमकी वाटली नाही. हवामान सांगितल्यासारखं वाटलं.

११ जुलै, शुक्रवार

सुवाला, शहरात परत. रोनिलला सात ओळींबद्दल विचारलं.

"रिकामी ओळ? वरून फॉर्म परत येईल उनाइसी. आणि पुढच्या महिन्यातल्या मोठ्या भरतीच्या आत गाव हलायला हवं, ती कुणाची वाट बघणार नाहीये."

खरं आहे ते. मी कॉम्प्युटरवर चढवलेल्या मूळ यादीतले सातही कंस खोडून टाकले, पुढे घोळ नको म्हणून.

चार वाजता मास्तरांचा फोन आला. "घातलेस ना?"

"हो मास्तर," मी म्हणाले.

म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलायची मला सवय नाही. हे दुसऱ्या कुणाला सांगणार, म्हणून इथे लिहितेय.

२२ जुलै, मंगळवार

यादीत एकशे एकोणीस ओळी आहेत.

सात ओळी कोऱ्या. रोनिलला विचारलं, त्यानं हात लावलेला नाही. मी त्या पुसल्या. जेवून आले तर परत एकशे एकोणीस.

मग कोऱ्या ओळीत काय आहे ते प्रोग्रॅमलाच विचारलं. ही यादी आहे का? नाही. नाव आहे का? नाही. आकडा? नाही. रिकामं आहे? नाही.

रोनिल म्हणतो, न दिसणारं अक्षर शिरलं असेल, कधीकधी जागा सोडायचं चिन्ह असं चिकटून बसतं. बरोबर असणार. मी अशी दहा प्रकरणं निस्तरलीत. पण ती अक्षरं पुसली की जातात.

चार नंबरच्या घरातली ओळ आता वाइसाकेच्या वर आहे. म्हणजे त्याच्याहून मोठ्या भावंडाच्या जागी.

२४ जुलै, गुरुवार

आज ती फाइल उघडलीच नाही. बाकीची कामं होती. होती खरंच.

५ ऑगस्ट, मंगळवार

गाव अडून बसलंय. मामानं कळवलं, यादी पुरी नाही, आम्ही येणार नाही. मोठी भरती सतरा तारखेला आहे. रोनिल फोनवर ओरडून ओरडून घसा बसवून बसला.

अकरा वाजता मास्तर ऑफिसात आले. होडी, मग बस, सात तासांचा प्रवास. इस्त्रीचा शर्ट, बगलेत वही. रोनिलनं धावत जाऊन पाणी आणलं. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच "सर" ऐकलं.

मास्तर माझ्यासमोर बसले. "खोटं बोललीस ते गेलं. आता खरं ऐक."

चौतीस वर्षांपूर्वी शाळा खाडीपलीकडे होती, त्याच टेकडीवर. पोरं होडीनं यायची जायची. एका दुपारी आभाळ दाटून आलं. थांबवून घ्यावं की लवकर सोडावं, हे ठरवायला मास्तरांकडे पाच मिनिटं होती.

"मी लवकर सोडलं," ते म्हणाले. "शाळेत आठ पोरं. आठवी पोरगी तुझा मामेभाऊ... पोरगा. वाइसाके. त्याला ताप होता, त्या दिवशी आलाच नव्हता. बाकीची सात."

त्यांचे शब्द इथे एकदाच चुकले.

"होडी मिळाली नाही. फळी नाही, दप्तर नाही, एक चप्पल नाही. आता मला सांग, ज्याला कुणी मेलेलं पाहिलं नाही त्याचा दहावा कसा करायचा? आयांनी ठरवलं, नाव घ्यायचं नाही. नाव घेऊन रडलं म्हणजे गेली असं कबूल केलं. मी वहीत नावं खोडली आणि कंस ठेवले. घरात जागा आहे, एवढंच लिहून ठेवलं."

"मग हलायला का नाही म्हणता?"

"परत आली आणि गाव जागेवर नसलं, तर विचारणार कुणाला?"

रोनिल खिडकीकडे तोंड करून उभा होता.

मी विचारलं, चार नंबरच्या घरातलं कोण? वाइसाकेची मोठी बहीण का? ते म्हणाले, "ते सांगायचा अधिकार माझा नाही. तुझ्या आईला विचार."

आईला कशाला त्रास? मामाला एक मुलगी होती आणि त्यानं कधी दाखवलं नाही, एवढं कळलं ते पुरे. बिचारा मामा. हात पसरून हसत असतो.

दुपारी मास्तरांच्या डोळ्यांदेखत प्रोग्रॅम बदलला. एकच ओळ वाढवली. पिशवी उघडलीस आणि आत काही नसलं, तरी तिची जागा ओळीत ठेव. मूळ यादीत सात कंस परत घातले. त्यांनी बोट ठेवून मोजले. एकशे एकोणीस.

आता प्रत्येक कंसासाठी एक, अशा नव्या सात ओळी व्हायला हव्या होत्या, आणि त्या आधीपासूनच्या सात. मिळून चौदा. झाल्या सातच. हे मी मास्तरांना सांगितलं नाही, रोनिललाही नाही.

रोनिल म्हणाला, "वरच्यांना सांगेन छपाईत चूक झाली. काय फाशी देणार आहेत?"

१६ ऑगस्ट, शनिवार, नालुवे

गाव हललं.

सकाळी सातला लाकडी ढोल वाजला आणि माणसं गाद्या, भांडी, कोंबड्या घेऊन किनाऱ्यावर उतरली. माझं काम यादी हातात धरून प्रत्येकाला जाकीट देण्याचं. तरंगायची केशरी जाकिटं, मोजून एकशे वीस आणलेली. बारा वर्षांखालच्यांसाठी लहान मापाची तीस. गावात लहान पोरं तेवीस. म्हणजे सात लहान जाकिटं उरायला हवीत.

एकही उरलं नाही.

मी दोनदा दिलं असणार. धांदल होतीच. वाइसाके ओरडला, "कॉम्प्युटरबाई, तुझं सपाट गणित पाण्यात बुडालं बघ!" मी त्याला होडीतली डोकी मोजायला सांगितलं. पहिल्या खेपेत त्यानं एकोणचाळीस मोजली, मी अडतीस. दुसऱ्यांदा मोजली तर त्याची अडतीस, माझी एकोणचाळीस. मग आम्ही दोघांनी मोजणं सोडलं.

आई आली. न सांगता, नौसोरीहून पहाटेची बस धरून. मी तिला म्हटलं, तू कशाला, तुला होडी लागते. ती शेवटच्या खेपेत मधल्या फळीवर बसली. शेजारी जागा होती, मी बसायला गेले तर तिनं फळीवर हात आडवा ठेवला.

"पुढं बस."

हात सगळा वेळ तसाच होता, तळवा खाली, बोटं जराशी वाकवलेली. खाडीच्या मधोमध वाइसाकेनं इंजिन बंद केलं नाही. सकाळपासून कुठल्याच होडीनं केलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "आता कशाला?"

आईला होडी लागली नाही.

पलीकडे जाकिटं गोळा केली. एकशे वीसच्या एकशे वीस परत आली. समुद्र तळ्यासारखा होता, कुणावर शिंतोडाही उडाला नव्हता. लहान मापाची सात आतून ओलीचिंब होती. पिळून वाळत घातली. होडीच्या तळाशी पाणी असतं, तिथे पडली असतील.

१७ ऑगस्ट, रविवार, नवं नालुवे

सकाळी भरती चढली. टेकडीवरून सगळं दिसत होतं. पाणी मामाच्या ओट्यावरून आत गेलं आणि मागच्या दारानं बाहेर आलं. कुणी रडलं नाही. मामी म्हणाली, "फरशी पुसायची राहिली होती, पुसली गेली."

मग मैदानात सगळे गोळा झाले, यंगोनाचं, म्हणजे मुळांच्या पेयाचं, मोठं लाकडी पात्र मधोमध. मामानं मास्तरांच्या हातात माझी यादी दिली. हजेरी घ्यायची, ज्याचं नाव येईल त्यानं ओ द्यायची, मग ते घर त्याचं.

मास्तरांचा आवाज वर्गातलाच आहे अजून. नाव, ओ. नाव, ओ. बाळांच्या वतीनं आया.

चार नंबरच्या घरावर आले. एमोसी. ओ. मामी. ओ. मग मास्तर थांबले. एखादं नाव घ्यायला लागावा तेवढाच वेळ, ओठ मिटून.

माझ्या बाजूला आई उभी होती. ती म्हणाली, "आहे."

मी तिच्या कानात म्हटलं, "आई, तुझं नाव नाहीये यात. तू नौसोरीची." तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी लहानपणी गणित चुकले की पाहायची तशी.

मास्तर पुढे गेले. खालच्या भावकीत पुढच्या कोऱ्या ओळीला एक म्हातारी "आहे" म्हणाली. त्यापुढच्या तीन ओळींनाही घरचं कुणी ना कुणी बोललं. सहाव्या ओळीचे आईबाप दोघंही वारलेत असं मामी नंतर म्हणाली. तिथे मास्तर थांबले तेव्हा खालून, पाण्याच्या बाजूनं, ओ आली. बारीक आवाज. सातव्या ओळीलाही तिथूनच.

वाइसाके खाली होड्या बांधत असेल आणि थट्टा करत असेल, असं मला वाटलं. त्याच्या सवयीची गोष्ट आहे. पण तो माझ्या डाव्या हाताला उभा होता. त्याच्या कडेवर त्याची धाकटी, आणि त्यानं तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं होतं.

मास्तरांनी यादीची घडी घातली आणि खाली बसले. दोन माणसांनी त्यांना धरलं.

मी आवरायला सांगितलं तर आई म्हणाली, "तू जा. मी दहा दिवस इथंच राहते."

"कशासाठी? कोण गेलंय?"

"कुणी गेलं नाही. आलेत." आणि मामीबरोबर अळूचे कंद सोलायला बसली.

२० ऑगस्ट, बुधवार, सुवा

रोनिलनं यादी वर पाठवली. काही विचारणा आली नाही. कुणी वाचतच नसेल.

माझी झोप गेलीय. भुतांना मी भीत नाही. त्या दिवशी आई "आहे" म्हणाली, तो आवाज डोक्यातून जात नाही. मामाच्या मुलीसाठी आत्यानं ओ का द्यावी? मामा तिथेच उभा होता. मामी तिथेच होती. दोघंही आईकडे बघत होते.

आई गाव सोडून आल्यावर पहिली दहा वर्षं सुवात एका घरी कामाला होती, माझ्या जन्माआधी. राहत्या कामाला पोरं चालत नसत, हे ती कधीतरी म्हणाली होती. तेव्हा मी विचारलं नव्हतं की कुणाची पोरं.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. परत उचललं, पण पुढे काही लिहिता येत नाहीये.

२७ ऑगस्ट, बुधवार

दहावा दिवस. सकाळी साडेदहाला, ऑफिसात असताना, आईचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज, बायकांचा आवाज, कुणीतरी मोठ्यानं रडत होतं आणि कुणीतरी हसतही होतं.

"ती यादी आहे का तुझ्यापुढं?"

"उघडते."

"चार नंबरच्या घरात. लिहून घे." आणि तिनं नाव सांगितलं. फोन नीट लागत नव्हता म्हणून अक्षर-अक्षर तोडून. ला. इ. सा. नी. मी एकेक अक्षर ओळीत टाकलं. ओळीनं ते घेतलं.

"लाइसानी," मी वाचून दाखवलं.

"परत म्हण," आई म्हणाली.

परत म्हटलं.

"मीच ठेवली होती तिला तिथं. दादाकडं. म्हटलं, शाळा चांगली आहे." मग घाईघाईनं, "थांब, इथं बाकीचे उभे आहेत, त्यांचीपण घे."

फोन हातोहात फिरला. सहा नावं. शेवटची दोन मास्तरांनी सांगितली, आडनावासकट, हजेरीच्या क्रमानं. कोऱ्या ओळी संपल्या. मी प्रोग्रॅम चालवला. एकशे एकोणीस, आणि सगळी नावं.

फॉर्मला जन्मतारीख लागते. आईला विचारली, तिनं तोंडपाठ सांगितली. माझ्याआधी बारा वर्षं. शेजारच्या चौकटीत वय आपोआप आलं, त्रेचाळीस. मी ते मोठ्यानं वाचलं. का वाचलं कुणास ठाऊक.

"त्रेचाळीस नाही," आई म्हणाली. "काल माझ्याजवळ झोपली होती ना. नऊ."

"आई, फॉर्म स्वतःच हिशोब करतो, तारखेवरून..."

"नऊ लिही उनाइसी."

रोनिल समोरच्या टेबलावरून बघत होता. मी चौकटीतला आकडा पुसला आणि नऊ लिहिलं.